दिवाळीनंतर रिकामी होणारी बाके

कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा हजेरीपट हा मोठा बोलका कागद असतो. जुलैत तो भरगच्च असतो. एकाच नावाला दोघे ‘हजर’ म्हणतात, मागच्या बाकावर दाटीवाटीने बसलेल्यांतला एखादा आपला क्रमांकच विसरतो. गणपती येईपर्यंत ही गर्दी थोडी ओसरते. पण त्याची फारशी काळजी नको, पावसाच्या सरींप्रमाणे मुलेही काही दिवस येतात आणि जातात. खरी काळजी दिवाळीच्या सुट्टीनंतरची. वर्ग पुन्हा भरले की हजेरी घेताना काही क्रमांकांपाशी थांबावे लागते. एकदा पुकारले, दोनदा पुकारले, उत्तर नाही. मग शेजारचा कोणी तरी सांगतो, “तो नाही येणार आता, मॅडम. त्याने सोडलं.”

‘सोडलं’ हा शब्द मुले इतक्या सहजपणे उच्चारतात, की जणू तो मुलगा एस.टी.तून मधल्याच थांब्यावर उतरून गेला.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अनेक वर्षे पहिल्या वर्षाला मराठी शिकवते. कॉलेज सोडून गेलेली मुले-मुली पुढे बाजारात, स्टँडवर, लग्नकार्यात भेटतात. त्यांच्याशी मी मुद्दाम बोलत आले आहे. मठ्ठ म्हणावीत अशी त्यांत फार थोडी निघाली. बारावीला सत्तर-पंचाहत्तर टक्के मिळवलेलीही पुष्कळ होती. ‘का सोडलेस?’ म्हटले की पहिले उत्तर ठरलेले असते: “जमलं नाही.” पण जरा खोदून विचारले की या ‘जमलं नाही’च्या पोटातून एखादी लहानशी गोष्ट बाहेर पडते. एक न भरलेला अर्ज. एक न कळलेला नियम. रोज चुकणारी एक एस.टी. यांतली बहुतेक कोडी कोणाला तरी विचारल्याने सुटली असती. विचारले मात्र कोणालाच नव्हते.

म्हणून मला वाटते, की पहिल्या वर्षी मुलाने इतर काही शिकण्याआधी विचारायला शिकले पाहिजे. आणि त्याला विचारता येईल असे आपण, म्हणजे घरच्यांनी आणि कॉलेजनेही, वागले पाहिजे. दिवाळी अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी या वर्षी असा एखादा नवा ‘कॉलेजकुमार’ किंवा ‘कॉलेजकुमारी’ सुट्टीवर आलेली असेल. हे चार शब्द त्यांच्यासाठी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांसाठी आहेत.

शाळेची घंटा आणि कॉलेजचे घड्याळ

शाळेत मुलाच्या मागे माणसे लागलेली असतात. तो दोन दिवस आला नाही तर वर्गशिक्षक शेजारच्या मुलाबरोबर निरोप धाडतात. वही अपुरी असेल तर तांबड्या शाईचा शेरा येतो. फीची तारीख, परीक्षेचा अर्ज, सहलीची वर्गणी हे सारे फळ्यावर लिहिले जाते आणि तीनतीनदा वाचून दाखवले जाते. तोच मुलगा कॉलेजच्या फाटकातून आत शिरतो आणि एकाएकी मागची सारी माणसे नाहीशी होतात. सूचना फलकावर लागते, नाही तर मोबाईलवरच्या गटात येते आणि दोनशे ‘शुभ प्रभातां’खाली गाडली जाते. ती तुम्ही वाचली की नाही, हे कोणी विचारीत नाही.

हे स्वातंत्र्य सुरुवातीला फार गोड लागते. तास चुकवला तरी कोणी रागावत नाही. पण रागावणारे कोणी नाही याचा दुसरा अर्थ असा, की लक्ष ठेवणारेही कोणी नाही. हा दुसरा अर्थ उमगेपर्यंत सप्टेंबर उजाडतो. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के उपस्थितीची अट असते. एका सत्रात शिकवण्याचे आठवडे पंधराच्या आसपास. आठवड्याला चार तास असलेल्या विषयाचे सारे मिळून साठ तास भरतात, आणि त्यांतले पंधरा चुकले की झाले! भातलावणीचे चार दिवस, गणपती, गावची जत्रा आणि एकदा आलेला ताप, एवढ्यात हे पंधरा तास कसे संपतात ते कळतही नाही.

त्यात भर अभ्यासक्रमाच्या नव्या मांडणीची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाले. पूर्वी मुलगा घरी सांगे, “मी इतिहास घेतला.” आता तो सांगतो, “माझं मेजर इतिहास, मायनर राज्यशास्त्र”, आणि आजीला वाटते, नातवाने पलटणीत नाव घातले!

वास्तविक हिशेब सोपा आहे. वर्गात बसून शिकण्याचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाला त्यासाठी तीस तास लागतात. सत्राला २० ते २२ आणि वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट मिळवावयाचे. तीन वर्षांत १२० ते १३२ झाले की पदवी. चौथे वर्ष केले तर ऑनर्सची पदवी. ज्या विषयात पदवी मिळणार तो मेजर, त्याच्या जोडीचा तो मायनर, आणि ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा, आवडीने घ्यावयाचा विषय. एवढे फळ्यावर मांडायला मला दहा मिनिटे लागतात. ती संपली की वर्गातल्या चेहऱ्यांवर सुटकेचा भाव दिसतो. प्रवेशाचा अर्ज भरल्या दिवसापासून ही मुले न कळलेल्या शब्दांना माना डोलावीत आलेली असतात. प्रवेश देणाऱ्यांनी ‘समजले ना?’ म्हटले, यांनी ‘हो’ म्हटले, आणि प्रकरण तेथेच मिटले!

‘केटी’ म्हणजे शेवट नव्हे

अशाच एका न कळलेल्या शब्दाने एका मुलाचे वर्ष गेलेले मी पाहिले आहे. वाणिज्य शाखेचा मुलगा, गावाकडच्या शाळेतून चांगल्या गुणांनी आलेला. पहिल्या सत्रात हिशेबाच्या एका विषयात राहिला. घरी जाऊन त्याने सांगितले, “नापास झालो.” वडिलांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी त्याला ओळखीच्या गॅरेजात नेऊन सोडले. पाच-सहा महिन्यांनी तो मला स्टँडवर भेटला. ‘एटीकेटी’ हा शब्द त्याने ऐकला होता. पण तो मुलांमधला थट्टेचा शब्द आहे, एवढीच त्याची समजूत होती.

एटीकेटी म्हणजे राहिलेला विषय पाठीवर घेऊन पुढे शिकत राहण्याची मुभा. किती विषयांपर्यंत ती मिळते, याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे आहेत. पण पहिल्या सत्रात एका विषयात राहिलेल्या मुलाला दुसऱ्या सत्रात बसण्यापासून बहुधा कोणी अडवीत नाही. शिवाय आपली तपासलेली उत्तरपत्रिका मागवून पाहता येते, पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो, आणि गुणांचा एक भाग वर्षभरातल्या अंतर्गत मूल्यमापनाचा असल्यामुळे वेळेवर दिलेला निबंध किंवा प्रकल्प अडल्या वेळी हात देतो. शाळेत ‘नापास’ या शब्दाचा अर्थ एकच होता: तोच वर्ग, तीच बाके. कॉलेजात तसे नाही. आणि ज्या घरात याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही, त्या घरात हे सांगणारे कोणी नसते. गॅरेजचे काम वाईट नव्हे. पण ते त्या मुलाने निवडलेले नव्हते, एका शब्दाच्या अज्ञानाने त्याच्यावर आले होते.

इंग्रजीचा घाट

आमच्याकडे विज्ञान आणि वाणिज्य या शाखांतली मुले बहुसंख्येने मराठी शाळांतून येतात. अकरावी-बारावीला काहींनी इंग्रजीतून शिकण्याचा सराव केलेला असतो, काहींनी केवळ मार्गदर्शिका पाठ करून वेळ मारून नेलेली असते. पदवीच्या वर्गात जाड इंग्रजी पुस्तक समोर आले की त्यांचा श्वास कोंडतो. ज्याला विषय कळत नाही तो निदान शंका विचारू शकतो. ज्याला भाषाच कळत नाही, त्याला शंका कोणत्या भाषेत विचारावी हाच प्रश्न पडतो. “मराठीतून विचारलं तर हसतील” असे एका मुलीने मला सांगितले. ती पदार्थविज्ञानाच्या वर्गात चार महिने गप्प बसली होती.

मी भाषेची शिक्षिका. तेव्हा या बाबतीत मुलांना जे सांगते ते येथे सांगते.

वही मराठीत लिहावी, पारिभाषिक शब्द मात्र इंग्रजीच ठेवावे. पुस्तकाचे एक पान घ्यावे, एका दिवसाला एकच. त्यातले अडलेले शब्द अधोरेखित करावे. पहिल्या दिवशी तीस निघतील. आठ दिवसांनी पाहा, तेच शब्द फिरून फिरून येत असतात, कारण कोणत्याही शास्त्राचा रोजचा शब्दसंग्रह आपल्याला वाटतो तेवढा मोठा नसतो. महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० सालापासून काम करीत आहे. त्याने निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले आहेत, आणि ते आता मोबाईलवरही पाहता येतात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली निघाला. तो विश्वकोशही आज फुकट वाचता येतो. इंग्रजी पान वाचण्याआधी त्याच विषयावरची विश्वकोशातली नोंद वाचावी. मग ते इंग्रजी पान अनोळखी माणसासारखे अंगावर येत नाही, ओळखीचा माणूस परक्या वेषात आल्यासारखे वाटते.

आणि शंका खुशाल मराठीत विचाराव्या. माझ्या माहितीतला एकही प्राध्यापक असा नाही, की जो मराठीतली चांगली शंका ऐकून खूश झाला नाही. हसतात ती मुले. आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना तीच शंका असते. पदार्थविज्ञानाच्या त्या मुलीला मी एवढेच सुचवले, की वर्गात जमत नसेल तर तास संपल्यावर सरांना दारात गाठावे. पहिल्या दिवशी तिने शंका चिठ्ठीवर लिहून नेली. सरांनी ती चिठ्ठी घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिचे नाव न घेता सबंध वर्गाला तो भाग पुन्हा समजावून सांगितला. त्या तासाला आणखी सहा जणांनी हात वर केले.

खिडकीपलीकडचा कारकून

पैशांमुळे सुटणारे कॉलेज ही जुनीच कथा आहे. गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्यापाशी एकच सदरा होता; रात्री धुवावा आणि सकाळी घालावा, असे ते करीत, हे आपण सगळे शाळेत ऐकत आलो आहोत. आज मदतीच्या योजना पुष्कळ आहेत. अडचण असते ती त्यांच्यापर्यंत पोचण्याच्या वाटेची.

शासनाच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर भरावे लागतात. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, लागू असेल तेथे जातीचा दाखला लागतो, बारावीची गुणपत्रिका लागते आणि आधार क्रमांकाशी जोडलेले बँकखाते लागते. यांतल्या एकाची गाठ सुटली की सारा अर्ज अडकतो. आमच्याकडे तर नेहमीची गोष्ट अशी, की दाखल्यावरचे नाव ‘राजाराम’, आधारवरचे ‘राजाराम’च, पण बँकेत मात्र ‘राजू’! अर्ज परत येतो, मुलाला मोबाईलवर त्याची सूचनाही येते. पण ‘परत आला’ म्हणजे ‘नाकारला’ असे समजून तो गप्प बसतो. वास्तविक त्रुटी दुरुस्त करून तो पुन्हा पाठवता येतो, मात्र मुदतीच्या आत.

कॉलेजच्या कचेरीत शिष्यवृत्तीचे काम पाहणारा जो कारकून असतो, त्याला मुले फार भितात. तो खिडकीतून तुटकपणे बोलतो हे खरे. पण त्याच्याही समोर शेकडो अर्ज असतात, आणि त्यातली खाचखळगी त्याच्याइतकी प्राचार्यांनाही ठाऊक नसतात. माझा सल्ला असा: गर्दीच्या दिवशी जाऊ नये, सर्व कागद एका फायलीत लावून, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स घेऊन, सकाळी कचेरी उघडताना जावे आणि ‘माझा अर्ज कोठे अडला आहे ते सांगता का?’ असे सरळ विचारावे. ‘माझी स्कॉलरशिप का नाही आली?’ या प्रश्नाला तो ‘येईल’ म्हणतो. पहिल्या प्रश्नाला मात्र त्याला संगणक उघडून पाहावे लागते. फीचा हप्ता जमत नसेल तर तसा अर्ज प्राचार्यांना द्यावा. न भरता, न सांगता घरी बसण्यात कोणाचाच फायदा नाही. बऱ्याच कॉलेजांत ‘कमवा व शिका’ योजनाही चालते. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा बागेत रोजचे काही तास काम करून मुले आपला खर्च भागवतात.

तुळशीचे लग्न आणि उसाचा हंगाम

आता दिवाळीचीच गोष्ट. दिवाळीनंतरच गळती का लागते? आमच्या भागात त्याची दोन कारणे पंचांगात आणि शेतातच सापडतात.

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. ट्रॅक्टरवर, वजनकाट्यावर, तोडीच्या हिशेबाला तरण्या पोरांची गरज लागते आणि रोजचे रोख पैसे हाती येतात. सुट्टीत चार पैसे मिळवायला गेलेला मुलगा, ‘एवढा हंगाम करतो’ म्हणत मार्चपर्यंत तेथेच राहतो. मार्चनंतर त्याला परत येण्याची लाज वाटते. तिकडे बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडून निघतात. त्यांतली कॉलेजात गेलेली मुले धाकट्या भावंडांना सांभाळायला मागे राहतात किंवा आईबापांबरोबर कोयता उचलतात.

दुसरे कारण मुलींचे. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले, की घराघरांतून लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. दिवाळीला भाऊबीजेसाठी जमलेले मामा, मावशा, आत्या ‘पोरगी अठराची झाली ना?’ असे म्हणतात आणि एखादे स्थळ सुचवून जातात. मुलगी सुट्टीवर आलेली असते ती परत जातच नाही. एका मुलीच्या वडिलांना मी फोन केला, तेव्हा ते बिचारे मनापासून म्हणाले, “मॅडम, पोरगी हुशार हाय, आमास्नी बी कळतंय. पण साडेपाचची गाडी चुकली की रातच्याला कुटं हुडकायची? त्यापरास उजवून टाकल्याली बरी.”

या उत्तरावर रागावण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या बोलण्यातला खरा अडथळा साडेपाचच्या गाडीचा होता. लग्न हा त्यांनी काढलेला तोडगा होता. मुलीचे प्रात्यक्षिक आठवड्यातून दोन दिवस उशिरा सुटे. विभागप्रमुखांशी बोलून तिला सकाळच्या तुकडीत बदलून घेतले. एवढ्याने भागले. एस.टी.त विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळतो, आणि मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. पण गाडीच वेळेवर नसेल तर सवलतीचा काय उपयोग? आमच्याकडच्या काही गावांच्या मुलींनी मिळून आगारप्रमुखांना अर्ज दिला, सरपंचांची सही घेतली, आणि संध्याकाळची एक फेरी अर्ध्या तासाने पुढे नेऊन घेतली. एकटीने मागितले असते तर कदाचित मिळाले नसते.

ज्यांना खरोखरच मध्ये थांबावे लागते, त्यांच्यासाठीही नव्या धोरणात एक दार उघडे ठेवलेले आहे. पहिल्या वर्षाचे क्रेडिट पुरे करून, शिवाय चार क्रेडिटचा एक जादा व्यवसायविषयक अभ्यासक्रम वा इंटर्नशिप केली, तर प्रमाणपत्र मिळते. मिळवलेले क्रेडिट ‘अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात, तीन वर्षांच्या आत परत येता येते, आणि एकूण सात वर्षांच्या आत पदवी पुरी करता येते. लग्न झालेल्या मुलीला आणि हंगामाला गेलेल्या मुलाला हे माहीत असणे फार गरजेचे आहे. मात्र हे दार परत येणाऱ्यासाठी आहे. निघून जाण्याला ते निमित्त होऊ नये. आणि दिवाळीला सोडून गेलेल्याला त्याचा पुरता लाभ मिळत नाही. निदान वर्ष तरी पुरे केलेले असावे लागते. म्हणूनच दिवाळी ते मे हे सहा महिने कसेही करून ओलांडावे, असे मी प्रत्येकाला सांगते.

बोर्डिंगातली आई

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली आमच्या जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या काले या गावी, रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एका पंगतीला जेवत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांचे सारे करीत. आणि वसतिगृहात धान्य नव्हते तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही विकले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुढे १९४७ साली साताऱ्याला कॉलेज निघाले आणि तेथे मुले श्रम करून शिकू लागली. त्यांतली पुष्कळ मुले घरातली पहिलीच शिकणारी होती. आज जी माहिती एका बोटावर मिळते, तिचा मागमूसही त्यांच्यापाशी नव्हता.

ती मुले टिकली, याचे श्रेय आपण भाऊरावांच्या ध्येयवादाला देतो, आणि ते योग्यच आहे. पण मला त्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते. त्या वसतिगृहात प्रत्येक मुलाला नावाने ओळखणारे कोणी तरी होते. कोण जेवला नाही हे रात्री कळत होते. आज आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात शंभराच्या वर मुले असतात आणि त्यांना क्रमांक असतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ नावाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताची योजना आखून दिली. प्रत्येक प्राध्यापकाकडे ठराविक विद्यार्थ्यांचे पालकत्व सोपवण्याची पद्धतही आता सर्वत्र आहे. कागदावर तिची नोंद उत्तम होते! पण खरी ओळख व्हायची तर ती एखाद्या लहानशा, नित्याच्या गोष्टीतून व्हावी लागते. मी पहिल्या आठवड्यात मुलांकडून एक परिच्छेद लिहून घेते: ‘मी कॉलेजला कसा येतो?’ मराठीच्या तासाला हे शोभून दिसते आणि शुद्धलेखनही कळते. पण त्याहून अधिक कळते ते असे, की तिसऱ्या बाकावर झोपणारा मुलगा पहाटे गोठ्यातले काम उरकून, धार काढून, डेअरीला दूध घालून मग गाडी पकडतो. असा परिच्छेद वाचल्यावर त्या मुलाला ‘झोपलास का?’ असे विचारण्याची पद्धतच बदलते. दुसरे, सलग तीन दिवस कोणी दिसले नाही तर मी फोन करते, किंवा वर्गातल्याच कोणाला तरी करायला सांगते. ‘ये’ म्हणायचे नाही. ‘बरा आहेस ना?’ एवढेच विचारायचे. पुष्कळदा चौथ्या दिवशी तो मुलगा येतो.

वरच्या वर्गातल्या मुलांचा उपयोग तर आपण जवळजवळ करीतच नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला नुकतीच ठेच लागलेली असते, ती कोठे लागली हे तिला पक्के आठवते. एका गावाहून, एका गाडीने येणाऱ्या वरच्या वर्गातल्या दोघांवर खालच्या चौघांची जबाबदारी दिली, तर प्रवासातच निम्मे प्रश्न सुटतात. वडीलकीच्या नावाखाली कोणी त्रास देऊ लागला तर मात्र गप्प बसू नये. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे आणि प्रत्येक कॉलेजात त्यासाठी समिती असते. आणि मन फारच खचले असेल, रात्र रात्र झोप येत नसेल, तर शासनाची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते; तेथे मराठीतून बोलता येते.

घरी विचारायचे तीन प्रश्न

आता पालकांसाठी. दिवाळीला घरी आलेल्या मुलाला आपण दोनच गोष्टी विचारतो: ‘किती मार्क पडतील?’ आणि ‘पुढे नोकरी लागेल का?’ पहिल्याचे उत्तर त्याला ठाऊक नसते आणि दुसऱ्याचे कोणालाच. त्यामुळे तो “हूं” म्हणतो आणि मोबाईलमध्ये डोके घालतो.

त्याऐवजी हे तीन प्रश्न विचारून पाहा. तुझ्या शेजारी कोण बसतं, आणि ते कुठल्या गावचं? तुला नावानं ओळखणारे कोण सर, कोण मॅडम आहेत? आणि कॉलेजातली अशी कोणती गोष्ट आहे, की जी तुला अजून कळली नाही आणि कोणाला विचारलीही नाहीस?

पहिल्या दोन प्रश्नांना नावे आली तर निश्चिंत असावे. मूल रुजते आहे. नावे आली नाहीत, तर मात्र गुणांपेक्षा याचीच काळजी अधिक करावी. ज्याला कॉलेजात कोणी ओळखत नाही, त्याचे पाऊल सुट्टीनंतर जड होते. सुट्टी संपली की एकदा त्याच्याबरोबर कॉलेजात या. शेतकरी असाल तर शेतातल्या कपड्यांनिशी या. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. वर्गशिक्षकांना भेटा, आपला मुलगा कोणता ते दाखवा. आम्हा मास्तरांना मुलाच्या बापाची ओळख झाली, की तो क्रमांक पुन्हा क्रमांक राहत नाही.

आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलाने दिले, तर ‘एवढंही कळत नाही का?’ असे म्हणू नका. आपल्यालाही ते कळत नसेल तर तसे सांगा, आणि उद्या कोणाला विचारायचे ते दोघांनी मिळून ठरवा: कचेरीतल्या कारकुनाला, ग्रंथपालांना, वरच्या आळीतल्या त्या मुलीला, जिने गेल्या वर्षी हेच केले. चार माणसांची नावे एका कागदावर लिहून तो कागद मुलाच्या बॅगेत, फराळाच्या डब्याशेजारी ठेवा. चिवडा-लाडू आठ दिवसांत संपतील. तो कागद मेपर्यंत पुरेल.